शनिवार मागून मिळत नाही

मी बारटेंडर आहे. राहते ठाणे पूर्वेला, कोपरीत. काम केलं ते घोडबंदर रोडला, मुलुंडला, लोअर परळला आणि मधे थोडा काळ कल्याण-शीळ रोडवर. आई अजूनही शेजारी 'हॉटेल लाइनला आहे' एवढंच सांगते. तिला दोष देत नाही. २००५ मध्ये राज्यात डान्स बार बंद झाले, मग हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, २०१६ चा नवा कायदा, २०१९ चा निकाल असं ते घोंगडं भिजत राहिलं, आणि बारमध्ये काम करणाऱ्या प्रत्येक बाईकडे लोक एकाच नजरेने बघायला शिकले. दिल्लीत तर बाईने बारमागे उभंच राहू नये असं एक जुनं कलम होतं. १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यातलं ते कलम सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये, अनुज गर्ग खटल्यात, घटनाबाह्य ठरवलं.

नवीन मुली आणि मुलं मला एकच गोष्ट विचारतात: शुक्रवार-शनिवार कसे मिळतात? प्रश्न पोटाचा आहे. पगार दोघांचा सारखा असला तरी सोमवारी दुपारची ड्युटी करणारा आणि शनिवारी रात्रीची करणारा यांच्या महिन्याच्या कमाईत, टिपमुळे, जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ड्युटी चार्ट मॅनेजर बनवतो. म्हणून सगळे मॅनेजरच्या मागे-पुढे करतात, चहा आणून देतात, 'सर, शर्ट मस्त आहे' म्हणतात. त्याने काही होत नाही. काय केल्याने होतं ते लिहिते.

१. मॅनेजरला झोप कशामुळे लागत नाही ते आधी शोधा.

मॅनेजर म्हणजे मालक नव्हे, हे पहिल्या महिन्यात कुणाच्या लक्षात येत नाही. तो मधे सापडलेला माणूस असतो. वरून शेठ विचारतो, माल किती आला, किती विकला, फरक का. बाहेरून एक्साइजवाले, पोलीस, महापालिका. समोरून गिऱ्हाईक. खालून आम्ही. प्रत्येक मॅनेजरची दुखरी नस वेगळी असते. एकाला स्टॉकमधल्या फरकाची धास्ती होती, दुसऱ्याला भांडणाची. तिसऱ्याला तर फक्त ऑनलाइन रिव्ह्यूची. एक तारा कमी पडला की त्याचं जेवण बंद. मुलुंडच्या एका जागी मॅनेजर उडुपीकडचे होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. अण्णांना गोंगाट, भांडण, फुटलेले ग्लास कशाचंच काही वाटायचं नाही, पण बर्फ संपला की रक्तदाब वाढायचा. मी संध्याकाळी सातला बर्फाचा हिशोब करून बर्फवाल्याला स्वतः फोन करायला लागले. एवढंच. मला कुणाच्या शर्टाचं कौतुक करावं लागलं नाही.

२. सोमवार घ्या, आणि तो नीट करा.

सोमवारी हॉल रिकामा असतो, म्हणून मॅनेजरला डोळे वर करून बघायला वेळ असतो. शनिवारी तुम्ही चार शेकर एकदम फिरवलेत तरी त्याला दिसत नाही, कारण तो दारावर बाउन्सरशी हुज्जत घालत असतो. सोमवारीच स्टॉक मोजतात, ऑर्डर जाते, एक्साइजचं रजिस्टर पुरं होतं. बहुतेक बारटेंडरना ड्रिंक बनवायला आवडतं आणि लिहायचा कंटाळा. मी लिहायला शिकले.

उघडी बाटली मोजायची रीत सोपी दिसते, पण हात बसायला वेळ लागतो. बाटली सपाट जागी ठेवायची, डोळे दारूच्या पातळीला आणायचे, आणि बाटलीचे मनातल्या मनात दहा भाग करून आकडा सांगायचा: सात, साडेचार, दोन. ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ पेग. सात म्हणजे साडेसतरा पेग शिल्लक, उरलेले साडेसात बिलात दिसले पाहिजेत. बिलात सहाच दिसले तर दीड पेग कुठे गेला? सांडला, फुटला, कुणी मापापेक्षा जास्त ओतलं, की कुणी फुकट प्यायला? मॅनेजरला या प्रश्नाचं उत्तर शेठसमोर द्यायचं असतं. जो बारटेंडर त्याला ते उत्तर आधीच कागदावर देतो, त्याचं नाव चार्टवर लिहिताना हात अडत नाही.

बीओटी, म्हणजे बारच्या ऑर्डरची चिठ्ठी, फाटल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. तो मोडतो कुणासाठी, तर मॅनेजरच्याच पाहुण्यासाठी. घोडबंदरला एका मंगळवारी मॅनेजरचे कुणी ओळखीचे आले, दोन लार्ज, म्हणजे चार पेग, घेऊन गेले, 'माझ्या खात्यात' म्हणून मॅनेजरने हात हलवला. खातं वगैरे काही नसतं. मी एनसीची, म्हणजे बिल न लावलेल्या दारूची, चिठ्ठी केली, त्यावर ब्रँड, माप, वेळ लिहिली आणि सहीसाठी पुढे सरकवली. त्यांच्या कपाळावर आठी आली. 'माझ्यावर भरवसा नाही का?' मी म्हटलं, 'सर, तुमच्यावर आहे. शेठ मला विचारतील तेव्हा तुम्ही इथे नसाल.' सही केली, पण पुढचे काही दिवस बोलणं तुटक होतं. मग शेठच्या माणसाने अचानक स्टॉक काढला. चार पेगचा फरक निघाला आणि चिठ्ठी फाइलमध्ये होती. त्या रविवारी रात्री ग्रुपवर चार्ट आला त्यात शनिवारच्या रकान्यात माझं नाव होतं. यावर आम्ही दोघंही कधी बोललो नाही.

३. वेळेआधी पंधरा मिनिटं. यावर जास्त काय लिहायचं! लोकल लेट होती हे मध्य रेल्वेवर रोजच खरं असतं, म्हणूनच ते कारण चालत नाही.

४. वय विचारायला लाजू नका. त्यात मॅनेजरची मान अडकलेली असते.

आपल्या राज्यात बिअरला वय २१ पूर्ण लागतं, कडक दारूला २५. पिणाऱ्याकडे परमिट हवं, हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा वारसा; म्हणून तर पाटीवर अजून 'परमिट रूम' लिहितात. पूर्वी ओळखपत्र मागितलं की मॅनेजर डोळे वटारायचे, टेबल उठून जाईल म्हणून. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीचा अपघात झाला. सतरा वर्षांच्या मुलाला दारू दिली म्हणून जिथे त्याला दारू मिळाली तिथले मालक आणि मॅनेजर आत गेले. तेव्हा आमच्या लाइनमधल्या प्रत्येक मॅनेजरला कळलं की ग्लास बारटेंडर भरतो आणि बेड्या आपल्याला पडतात.

नाही म्हणायची पद्धत मात्र यायला हवी. सगळ्या टेबलासमोर 'कार्ड दाखव' म्हटलं की पोराचा अपमान होतो आणि भांडण उभं राहतं. मी ऑर्डर घेते, थोडं पुढे वाकते, 'सर, पोलीस फार बघतायत सध्या, एकदा आयडी द्याल का' म्हणते, आणि तोवर कॅप्टनला खूण केलेली असते. मॅनेजरला बोलवायचं ते शेवटी. जो बारटेंडर रात्रीत पाच वेळा मॅनेजरला काउंटरवर बोलावतो, त्याला गर्दीची रात्र कोण देणार?

५. तुमचा पत्ताही चार्टवर असतो.

हे कुणी उघड बोलत नाही, पण मॅनेजर चार्ट बनवताना कोण कुठे राहतं ते बघतो. ठाण्यात शटर दीडला पडतं, आवरून बाहेर पडायला अडीच. तेव्हा लोकल नाही, टीएमटी नाही, आणि रिक्षा मिळालीच तर मध्यरात्रीनंतरचं सव्वापट भाडं. डोंबिवली, दिवा, कळव्याची मुलं पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत फलाटावर बसून काढतात, किंवा किचनमागे पोत्यांवर झोपतात. त्यांना क्लोजिंग द्यायचं तर त्यांची सोय बघावी लागते, म्हणून त्यांच्या वाट्याला दुपार येते. हे अन्यायाचं आहे, पण असंच चालतं.

कोपरीला राहण्याचा मला इथे फायदा झाला. घोडबंदरहून मुलुंडकडे जाणारी स्टाफची गाडी माजिवड्यावरून कोपरी पुलावर येतेच. ड्रायव्हरला वाकडी वाट करावी लागत नाही. मी हे मॅनेजरला तोंडी सांगितलं नाही, कागदावर रूट काढून दिला: कोण कुठे उतरेल, किती वेळ लागेल, आणि गाडीत शेवटी एकटी मुलगी उरणार नाही असा क्रम. त्याच रूटमध्ये कळव्याचे दोघं बसले आणि त्यांनाही रात्रीच्या ड्युट्या मिळाल्या. २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडायची जबाबदारी मालकाची असते. कायदा तोंडावर फेकला की मॅनेजर चिडतो. त्याच कायद्याचं काम सोपं करून हातात दिलं तर तो सही करतो. मला चिडलेल्या मॅनेजरपेक्षा गाडी जास्त गरजेची होती.

६. सुट्टी मागताना सोबत बदली माणूस न्या.

'सर, मला गणपतीला सुट्टी हवी' हे वाक्य ऑगस्टमध्ये प्रत्येक मॅनेजर रोज ऐकतो. कोकणातला सगळा स्टाफ एकदम गावी निघतो आणि मॅनेजर डोक्याला हात लावून बसतो. आमच्याकडे नेपाळी आणि ओडिया मुलं बरीच. त्यांना दसऱ्याच्या सुमारास घर हवं असतं, गणपतीत नको. आपसात आधीच ठरवायचं, दोघांची नावं आणि तारखा एका कागदावर, मग मॅनेजरकडे. अनंत चतुर्दशीला ड्राय डे असतोच, तो दिवस तुमच्या सुट्टीत मोजून घेऊन उरलेल्या दिवसांचा हिशोब करा, म्हणजे मागणी लहान दिसते.

बदल्यात मी ३१ डिसेंबर देते. बहुतेक वर्षी नाताळ आणि ३१ ला सरकार पहाटे पाचपर्यंत सूट देतं, सगळ्या स्टाफला त्या रात्री कुठेतरी जायचं असतं, आणि मॅनेजरला भरवशाची माणसं लागतात. गौरीचे दिवस मी असे कमावलेत.

७. टिपच्या पेटीत हिशोब उघडा ठेवा.

पूर्वी बिलात सर्व्हिस चार्ज यायचा, त्यातलं काही स्टाफला मिळायचं. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो आपोआप लावायला मनाई केली, मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते मान्य केलं. आता गिऱ्हाईक देईल ती टिप, आणि ती पॉइंटवर वाटतात: कॅप्टनला इतके, बारटेंडरला इतके, हेल्परला इतके. भांडणं इथेच होतात. एका जागी पेटी मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये राहायची आणि आठवड्याच्या शेवटी हलकी लागायची. आरोप करून नोकरी गेली असती. आम्ही चौघांनी मिळून फक्त एवढं सुचवलं की रोज रात्री दोघांसमोर मोजून आकडा वहीत लिहावा, 'सर, तुमच्यावर उगाच कुणी बोलायला नको.' वही सुरू झाली. पेटी पुन्हा हलकी लागली नाही. आणि वॉशिंगवाल्या मावशींना पॉइंट मिळतो का ते बघा. बहुतेक ठिकाणी मिळत नाही, आणि तुमचा ग्लास त्याच चमकवतात.

८. सलगी काउंटरपर्यंत.

मुलींसाठी हे लिहिते, मुलांनीही वाचावं. चांगल्या ड्युट्यांची किंमत कुणी वेगळ्या चलनात मागायला लागला, तर त्याची सुरुवात कधी मोठी नसते. रात्री तीनला मेसेज येतो, 'पोहोचलीस का?' मग 'मी सोडतो ना, स्टाफच्या गाडीत कशाला?' मग सुट्टीच्या दिवशी कॉफी. मी पहिल्याच पायरीला दार लावते. मेसेजला उत्तर सकाळी अकरानंतर आणि शक्यतो स्टाफच्या ग्रुपवर: 'पोहोचलो सगळे, सर.' गाडी स्टाफचीच. वाढदिवसाचा केक काउंटरवर, सगळ्यांसोबत. एवढं केल्यावर समजदार माणूस समजतो. एकाला समजलं नाही. माझे शनिवार गेले, सलग दुपार लागली. मी चार्टचे स्क्रीनशॉट आणि मेसेज तारखेवार ठेवले आणि दुसरीकडे काम बघितलं. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. माझ्या एका मैत्रिणीने केली. तिला त्रास झाला, वेळ लागला, पण बदली तिची नाही, त्रास देणाऱ्याची झाली.

नटून समोर उभं करण्यासाठी शुक्रवार मिळत असेल तर तोही ओळखा. 'लेडीज नाइट आहे, तू पुढे थांब' म्हणतात तेव्हा मी विचारते, पुढे थांबून बनवायचं काय? मेन्यू द्या, स्टेशन द्या. स्टेशन दिलं तर थांबते.

९. इकडचं तिकडे करू नका. चुगलीने मिळालेला शनिवार पुढच्या चुगलीने जातो, आणि वेटर लोकांनी ऑर्डर उशिरा पोचवायला सुरुवात केली की तुमचं स्टेशन कुणीही वाचवू शकत नाही.

१०. मागायचं ते मंगळवार-बुधवारी दुपारी, उभ्याने, दोन वाक्यांत.

शनिवारी रात्री दोनला थकलेल्या माणसाकडे कुणी काही मागू नये. आणि 'मला चांगली ड्युटी द्या' असंही नको. 'शुक्रवारी सर्व्हिस बारवर दोन माणसं कमी पडतात. मला एक महिना लावून बघा, वेटिंग कमी झालं नाही तर काढा.' यात त्याची अडचण आहे, मुदत आहे, आणि नकार द्यायला फार जागा नाही. तरी नाही म्हणाला तर मान डोलवून कामाला लागायचं. तीन आठवड्यांनी पुन्हा.

११. मागचा जिना बघून ठेवा.

हे चार्टबद्दल नाही असं वाटेल. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिलमध्ये आग लागली, १४ जण गेले. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफड्यातल्या क्लबला आग लागली, २५ जण गेले आणि त्यातले बहुतेक आमच्यासारखे काम करणारे होते. गिऱ्हाईक पुढच्या दाराने येतं. आम्ही किचन, स्टोअर, तळघर अशा जागी असतो जिथून बाहेर पडायची वाट एकच असते, आणि त्या वाटेवर बिअरचे क्रेट रचलेले असतात. शनिवारचा माल शुक्रवारी येतो, त्यामुळे सगळ्यात जास्त गर्दीच्या रात्री जिना सगळ्यात जास्त भरलेला असतो. मी क्रेट हलवायला लावते. हेल्पर कुरकुरतात, 'दीदी, रोजचंच आहे.' चारचौघांत नाही, बाजूला घेऊन मॅनेजरला सांगते. जो ऐकतो त्याच्याकडे टिकते. जो 'बघू' म्हणतो त्याच्याकडे शनिवार मिळत असला तरी मी फार काळ थांबत नाही.

१२. माणूस धरा, जागा सोडा.

पब येतात, जातात. जून २०२४ मध्ये पुण्यातलं ड्रग्जचं प्रकरण गाजलं आणि ठाण्यात बेकायदा पब-बारवर महापालिकेचे बुलडोझर फिरले. कुणाचे शेड गेले, कुणाची गच्ची गेली, आणि तिथल्या मुलांच्या ड्युट्या एका दिवसात गेल्या. पण मॅनेजर बेकार राहत नाही. तो महिन्याभरात वाशीला, ठाण्याच्या एखाद्या मॉलमध्ये किंवा पलावात दुसरीकडे उभा असतो आणि स्वतःची माणसं गोळा करत असतो. बर्फासाठी जीव टाकणाऱ्या अण्णांनी मला पुढे दोन जागी बोलावलं, दोन्हीकडे पहिल्या आठवड्यापासून रात्री दिल्या. म्हणून नोकरी सोडताना नोटीस द्या, स्टॉक मोजून हातात द्या, रजिस्टरवर शेवटची सही करा आणि चहा पिऊन निघा. मधल्या आठवड्यात गायब होणाऱ्याचं नाव आमच्या लाइनमध्ये बोरिवलीपासून बदलापूरपर्यंत पोचतं.

नवीन लागणाऱ्यांना शेवटचं सांगते. पहिल्या दिवशी चार्ट विचारू नका, तीन कागद विचारा: नेमणूकपत्र, एक्साइजचा नोकरनामा आणि रात्रीच्या गाडीचा रूट. नोकरनाम्याशिवाय बाटलीला हात लावू नका. धाड पडली तर 'मी इथे कामाला आहे' हे सिद्ध करायला तोच लागतो. हे तिन्ही द्यायला जो मॅनेजर खळखळ करतो, त्याने शनिवार देऊ केला तरी घेऊ नका.